इन्स्ट्रुमेंट रेटिंग: खाजगी वैमानिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट हातात आलं की पहिले काही महिने मजेत जातात. मग एखाद्या शनिवारी सकाळी विमानतळावर आठशे फुटांवर ढगांचं झाकण बसलेलं असतं, विमान बुक केलेलं असतं, डबा भरलेला असतो, आणि घरी परतावं लागतं. त्याच दुपारी मला निरोप येतो: "दादा, ते इन्स्ट्रुमेंट रेटिंग काय असतं?" मी हे रेटिंग कॅलिफोर्नियाच्या बे एरियात नोकरी सांभाळून घेतलं आणि आता शनिवार-रविवारी तेच शिकवतो. मराठी मित्रमंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं अमेरिकेच्या एफएएच्या (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) नियमांना धरून आहेत: लहान, एक इंजिनाचं विमान आणि पार्ट 61 खालचं प्रशिक्षण. भारताविषयी विचारायचं असेल तर थेट प्रश्न 19 कडे जा.

1. इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे नेमकं काय? आत्ता माझ्या सर्टिफिकेटवर काय करता येत नाही?

आत्ता तुम्ही व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडण्याच्या नियमांखाली उडता. 10,000 फुटांखालच्या क्लास ई हवाई क्षेत्रात तुम्हाला किमान 3 स्टॅट्यूट मैल दिसायला हवं आणि ढगांपासून 500 फूट खाली, 1,000 फूट वर, 2,000 फूट बाजूला राहायला हवं. रेटिंग मिळालं की आयएफआर (उपकरणांवर उडण्याचे नियम) फ्लाइट प्लॅन भरून, एटीसीचं (हवाई वाहतूक नियंत्रण) क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, घेऊन तुम्हाला ढगात शिरता येतं, आणि ढगातून खाली उतरत धावपट्टी शोधता येते. 18,000 फुटांवरच्या क्लास ए मध्येही आयएफआरशिवाय प्रवेश नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. आयएफआर हे नियमांचं नाव आहे आणि आयएमसी हे हवामानाचं, म्हणजे बाहेर बघून उडता येत नाही अशा हवेचं. लख्ख उन्हात आयएफआरवर उडता येतं, आणि रेटिंग नसलेला माणूस चुकून आयएमसीत शिरू शकतो. दुसऱ्या प्रकारातच माणसांचे जीव जातात.

2. ढगात एवढं काय कठीण असतं? प्रायव्हेटच्या वेळी मी हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर लावायचं झाकण) लावून तीन तास उडवलं होतं, छान जमलं होतं.

ते तीन तास चुकून ढगात गेलात तर वळून बाहेर येण्यापुरते असतात. शेजारी इन्स्ट्रक्टर असतो, हूडच्या कडेतून उजेड दिसत असतो आणि सावली सरकली की विमान वळल्याचं नकळत कळतं. खऱ्या ढगात यातलं काही नसतं.

दोष आपल्या कानाचा आहे. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव वळण सुरू झाल्याचं सांगतो. पण वळण हळू सुरू झालं तर तो काहीच सांगत नाही, आणि तेच वळण चालू राहिलं तर थोड्या वेळात गप्प बसतो. मग तुम्ही पंख सरळ केलेत की तोच कान ओरडून सांगतो, आता उलट्या बाजूला वळतोयस! अशा वेळी माणूस कानाचं ऐकून विमान पुन्हा आधीच्याच वळणात घालतो. नाक खाली जातं, वेग वाढतो, तो नाक वर ओढतो, आणि वळण अजून घट्ट होतं. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना असं कृत्रिम ढगात घातलं होतं. विसांच्या विसांचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

16 जुलै 1999 च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्डकडे निघाले होते. विमान उत्तम होतं आणि दृश्यमानता कागदावर व्हीएफआरला पुरेशी होती. पण खाली काळा समुद्र, हवेत धुरकटपणा, आणि क्षितिज कुठेच नाही. त्यांचं इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण अर्ध्यावर होतं. विमान समुद्रात कोसळलं आणि तिघांचा जीव गेला. चौकशीत कारण निघालं ते दिशाभ्रमाचं. ते वाचलं की मला प्रत्येक वेळी वाटतं, उरलेलं अर्धं प्रशिक्षण आधी झालं असतं तर.

हे जमू शकतं हे मात्र फार पूर्वीच सिद्ध झालं आहे. 24 सप्टेंबर 1929 रोजी लाँग आयलंडच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण केलं, फेरी मारली आणि विमान उतरवलं, बाहेर एकदाही न बघता. सोबत होती स्पेरींची जायरो उपकरणं आणि कोल्समन यांचं संवेदनशील अल्टिमीटर (उंची दाखवणारं उपकरण). पुढच्या सीटवर खबरदारी म्हणून बेन केल्सी बसले होते. आजच्या भाषेत ते सेफ्टी पायलट (प्रश्न 12).

3. रेटिंगसाठी पात्रता काय?

प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट, इंग्रजी वाचता-बोलता येणं, वैध मेडिकल, 50 तास क्रॉस-कंट्री, 40 तास इन्स्ट्रुमेंट वेळ, लेखी परीक्षा आणि शेवटी चेकराईड, म्हणजे परीक्षकासमोरची तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा. एकूण किती तास उडालात याची वेगळी अट नाही. बेसिकमेडवरही (नेहमीच्या मेडिकलऐवजी चालणारी सोपी पद्धत) आयएफआर उडता येतं, फक्त 18,000 फुटांच्या वर जाता येत नाही.

4. 50 तास क्रॉस-कंट्री कुठून आणू? माझे जेमतेम 12 आहेत.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. हे 50 तास पायलट-इन-कमांड म्हणून हवेत, आणि प्रत्येक उड्डाणात निघालेल्या जागेपासून सरळ रेषेत 50 नॉटिकल मैलांपेक्षा जास्त दूर कुठेतरी उतरलेलं हवं. विद्यार्थी असताना एकट्याने केलेले क्रॉस-कंट्री तासही यात धरले जातात. जुनं लॉगबुक काढून नीट बेरीज करा, अनेकांना दोन-चार तास असेच सापडतात.

उरलेले तास वाया घालवू नका. दर वेळी नवा विमानतळ, नवं हवाई क्षेत्र, एटीसीकडून फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे रडारवर लक्ष ठेवून मिळणाऱ्या सूचना. रेडिओवरची भीती या तासांत मोडली तर पुढचं निम्मं काम हलकं होतं. मित्रासोबत सेफ्टी पायलटची अदलाबदल करत गेलात तर हूडचे तासही त्यातच भरतात, त्याचे बारकावे प्रश्न 12 मध्ये.

अपवाद असा की पार्ट 141 मान्यता असलेल्या शाळेत ही 50 तासांची अटच नाही, आणि इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षणही 35 तासांत होतं. पण तिथे ठरलेल्या अभ्यासक्रमाच्या चौकटीतच चालावं लागतं. आठवड्याची नोकरी असलेल्यांना ते झेपतंच असं नाही.

5. 40 तासांत सिम्युलेटर किती चालतो? घरच्या कॉम्प्युटरवरचा?

40 पैकी किमान 15 तास इन्स्ट्रुमेंट शिकवण्याचा अधिकार असलेल्या इन्स्ट्रक्टरसोबत झालेले हवेत. मान्यताप्राप्त बेसिक ट्रेनिंग डिव्हाइसवर 10 तास आणि अ‍ॅडव्हान्स्डवर 20 तासांपर्यंत धरता येतात, इन्स्ट्रक्टर शेजारी असेल तर. प्रायव्हेटच्या वेळचे हूडखालचे तीन तासही 40 मध्ये येतात.

घरच्या कॉम्प्युटरचा एक मिनिटही लॉगबुकात जात नाही. तरीही मी प्रत्येकाला तो वापरायला सांगतो. होल्डिंगमध्ये (प्रश्न 9) कसं शिरायचं, अप्रोच, म्हणजे उपकरणांवर धावपट्टीकडे उतरण्याचा ठरलेला मार्ग, जीपीएसमध्ये कसा भरायचा, बटणं कुठे आहेत, हे तासाला पैसे मोजत हवेत कशाला शिकायचं? शंभरदा चुकायचं तर दिवाणखान्यात चुका.

6. खर्च किती येईल आणि किती महिने लागतील?

तुमच्या विमानाचं ताशी भाडं आणि इन्स्ट्रक्टरची ताशी फी घ्या. हिशेब 40 तासांचा करू नका, 50 ते 55 चा करा, कारण माझे बहुतेक विद्यार्थी तिथे पोचतात. त्यात परीक्षकाची फी, लेखी परीक्षा, चार्टचं अ‍ॅप आणि हेडसेट मिळवा. आठवड्यातून दोनदा उडालात तर साधारण सहा महिने. आठवड्यातून एकदा उडालात तर वर्ष, कारण दर वेळी पहिला अर्धा तास मागचं आठवण्यात जातो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: पैसे साठवा, आणि सगळे जमले की मगच सुरू करा. मध्ये तीन महिने थांबलेलं प्रशिक्षण सर्वांत महाग पडतं.

7. मी एच-1बी वर आहे, पत्नी ग्रीन कार्डवर आहे. काही परवानगी लागते का?

लागते, दोघांनाही. अमेरिकी नागरिक नसलेल्या व्यक्तीला प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट किंवा मल्टी-इंजिन प्रशिक्षणाआधी टीएसएची (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था) सुरक्षा मंजुरी घ्यावी लागते आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. प्रायव्हेटच्या वेळी तुम्ही हे केलं असणार. ती मंजुरी अजून चालू आहे का आणि इन्स्ट्रुमेंटसाठी नव्याने काय कळवायचं, हे शाळेला पहिल्या तासाआधी विचारा. नागरिकत्व मिळालं असेल तर मंजुरीची गरज नाही, पण पासपोर्टसारखा पुरावा इन्स्ट्रक्टरला दाखवावा लागतो आणि तशी नोंद होते.

8. लेखी परीक्षा आधी देऊ की नंतर?

आधी. प्रश्न 60, वेळ अडीच तास, उत्तीर्ण व्हायला 70 टक्के, आणि निकाल 24 कॅलेंडर महिने चालतो. बसण्याआधी इन्स्ट्रक्टरची किंवा अभ्यासक्रमाची शिफारस लागते. चार्ट वाचता येत नसताना विमानात बसलात तर मी हवेत भूगोल शिकवत बसतो आणि मीटर तुमचं पळत असतं.

9. प्रशिक्षणात नेमकं काय शिकवतात? सर्वांत कठीण काय जातं?

सुरुवात नजर फिरवण्यापासून होते. आपण याला स्कॅन म्हणतो. कृत्रिम क्षितिज, तिथून अल्टिमीटर, परत क्षितिज, दिशा, परत क्षितिज, वेग. एकाच घड्याळाकडे टक लावली की बाकीची निसटतात. हा तबल्याच्या कायद्यासारखा रियाज आहे: आधी विलंबित, मग हाताला वळण लागतं, आणि एके दिवशी लक्षात येतं की आपण मोजत नाही आहोत. वळणं स्टँडर्ड रेटची, सेकंदाला 3 अंश, म्हणजे पूर्ण चक्कर दोन मिनिटांत.

मग मी कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक झाकून टाकतो. जुन्या विमानांत ही दोन्ही व्हॅक्यूम पंपावर चालतात, आणि पंप सांगून बिघडत नाही. क्षितिज एकदम कोसळत नाही, हळूहळू कलतं, आणि तुम्ही त्याच्यासोबत कलत जाता. उरलेल्या घड्याळांची साक्ष काढून खोटं बोलणारं कुठलं ते ओळखायचं, हा या सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा आहे असं मी मानतो. माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणात ते झाकलं गेलं तेव्हा मी चाळीस सेकंदांत 30 अंश भरकटलो होतो.

त्यानंतर होल्डिंग. एका ठिकाणाभोवती धावण्याच्या ट्रॅकसारख्या फेऱ्या मारायच्या, वळणं उजवीकडे, आत येणारी बाजू 14,000 फुटांपर्यंत एक मिनिटाची. आत शिरायचे तीन प्रकार आहेत: डायरेक्ट, पॅरलल, टिअरड्रॉप. लोक यावर रात्र-रात्र डोकं फोडतात. माझं मत सांगतो, शिरायचा प्रकार थोडा चुकला तर कोणी दगावत नाही. संरक्षित बाजूलाच राहा, उंची सोडू नका आणि वाऱ्याचा हिशेब ठेवा.

शेवटी अप्रोच. आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीजवळून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर, दोन सुया मधोमध ठेवत साधारणपणे धावपट्टीच्या 200 फूट वरपर्यंत येता. उपग्रहाच्या सुधारित संकेतांवर चालणारा एलपीव्ही अप्रोचही बऱ्याच ठिकाणी तेवढाच खाली आणतो. तिथे दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही तर पूर्ण शक्ती, नाक वर, मिस्ड अप्रोच, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. हे ऐकायला सोपं आहे. करताना मात्र अख्खं शरीर म्हणत असतं, अजून पन्नास फूट, दिसेलच आता.

पण सर्वांत कठीण काय, असं विचाराल तर माझं उत्तर यातलं काहीच नाही. कठीण जातं ते विमान उडवत असतानाच रेडिओवर नवा मार्ग ऐकणं, लिहिणं, परत वाचून दाखवणं आणि जीपीएसमध्ये भरणं. क्लिअरन्स एका ठरलेल्या क्रमाने येतं: कुठपर्यंत, कुठल्या मार्गाने, किती उंचीवर, कुठली फ्रिक्वेन्सी, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) कुठला आकडा. या पाचांची इंग्रजी आद्याक्षरं (C, R, A, F, T) कागदावर उभी लिहून ठेवली की कान नेमकी तीच माहिती उचलतो. आणि हात भरलेले असतील तर "स्टँडबाय" म्हणायला लाजू नका.

10. ग्लास कॉकपिटवर शिकू की जुन्या घड्याळांवर?

पुढे जे विमान उडवणार आहात त्यावर. पडद्यांवर शिकलेल्याला घड्याळांवर येताना जास्त त्रास होतो, उलट येणाऱ्याला कमी.

11. ते 250 मैलांचं लांब उड्डाण कसं असतं?

इन्स्ट्रक्टरसोबत, आयएफआर फ्लाइट प्लॅन भरून, हवाई मार्गांवरून किंवा एटीसी नेईल तसं किमान 250 नॉटिकल मैल. प्रत्येक विमानतळावर एक अप्रोच, आणि तिन्ही अप्रोच वेगवेगळ्या प्रकारचे. माझे विद्यार्थी सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यूहून फ्रेस्नो, तिथून बेकर्सफील्ड आणि परत असं जातात. अंतर गरजेपेक्षा बरंच जास्त होतं, पण मी ते मुद्दाम करतो. तिसऱ्या टप्प्यावर थकवा येतो, आणि थकल्यावर आपला स्कॅन कसा होतो हे माणसाने एकदा तरी शेजारी इन्स्ट्रक्टर असताना बघावं.

12. सेफ्टी पायलट कोण होऊ शकतं? दोघेही तास लॉग करू शकतात का?

किमान प्रायव्हेट पायलट, त्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग असलेला, वैध मेडिकल किंवा बेसिकमेड असलेला. स्वच्छ हवेत व्हीएफआर उडत असाल तर त्याला इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागत नाही. आयएफआर क्लिअरन्सवर असाल तर मात्र विमानाची कायदेशीर जबाबदारी घेणाऱ्याकडे रेटिंग हवंच.

तुम्ही हूड लावून उडवताय तो वेळ तुम्ही पायलट-इन-कमांड म्हणून लिहिता. सेफ्टी पायलटने निघण्यापूर्वीच जबाबदारी स्वीकारली असेल तर तोही तेवढाच, फक्त हूडचा वेळ, तसाच लिहू शकतो. पण क्रॉस-कंट्रीचे तास त्याला मिळत नाहीत. म्हणून 50 तास भरायला दोघे निघालात तर जाताना एक आणि येताना दुसरा असं करा. आणि लॉगबुकात त्याचं नाव लिहायला विसरू नका, ती अट आहे.

13. प्रशिक्षणात खरे ढग मिळतील का?

बे एरियात राहता तर हे तुमचं भाग्य समजा. उन्हाळ्यात पॅसिफिकच्या थंड पाण्यावर ओलसर हवेचा थर साचतो. वरची गरम हवा त्याला झाकणासारखी दाबून ठेवते आणि ढग किनाऱ्यावरून आत सरकतो. जेमतेम हजार-दीड हजार फूट जाड, आत वादळ नाही, तापमान गोठणबिंदूच्या बरंच वर म्हणून बर्फ नाही, आणि दुपारपर्यंत बहुधा विरून जातो. शिकायला याहून सुरक्षित ढग नाही. मॉन्टेरे, वॉटसनव्हिलकडे सकाळी आठला निघालो तर दोन-तीन खरे अप्रोच सहज पदरात पडतात.

पहिल्यांदा वर निघालात की ते विसरणार नाही. राखाडी, राखाडी, अजून राखाडी, आणि मग एका क्षणात ऊन. खाली पांढरा समुद्र आणि त्यातून डोकं काढलेले माउंट डायब्लो, माउंट हॅमिल्टन. सिंहगडावरून पहाटे धुक्यात बुडालेलं खोरं पाहिलं असेल तर तेच, पण चहूबाजूंना. माझ्या एका विद्यार्थ्याने हे पहिल्यांदा पाहिल्यावर पाच मिनिटं एक शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही.

फक्त हूडखाली 40 तास पूर्ण करून, एकदाही ढगात न जाता रेटिंग मिळू शकतं. नियम अडवत नाही. मी मात्र अशा माणसाला परीक्षेला पाठवत नाही.

14. अजून रेटिंग नाही, पण इन्स्ट्रक्टरसोबत खऱ्या ढगात मीच उडवलं. तो वेळ पायलट-इन-कमांड म्हणून लिहू शकतो का? आणि अमावास्येच्या रात्रीचं काय?

हो. त्या विमानाचं रेटिंग तुमच्याकडे आहे आणि कंट्रोल्स फक्त तुमच्या हातात होते, म्हणून तो वेळ तुम्ही लिहू शकता. उड्डाणाची जबाबदारी इन्स्ट्रक्टरची होती, हा वेगळा मुद्दा. उडवणं आणि जबाबदार असणं या दोन गोष्टी नियमांत वेगळ्या आहेत.

चंद्र नसलेल्या रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नसेल आणि फक्त उपकरणांवरच विमान सांभाळावं लागत असेल, तर हवामान व्हीएफआर असूनही तो वेळ खरा इन्स्ट्रुमेंट वेळ म्हणून लिहिता येतो. एफएएच्या कायदा विभागाने 1984 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. का लिहिलात ते लॉगबुकात टिपून ठेवा. प्रश्न 2 मधली केनेडींची रात्र आठवा, म्हणजे ही सवलत नसून वस्तुस्थिती आहे हे पटेल.

15. चेकराईडला काय विचारतात?

आधी तोंडी, मग उड्डाण. त्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांत इन्स्ट्रक्टरसोबत तीन तास झालेले हवेत. उंची 100 फुटांच्या आत, दिशा 10 अंशांच्या आत, वेग 10 नॉट्सच्या आत. किमान उतरण्याच्या उंचीवर 100 फूट वर चालतं, खाली एक फूटही नाही.

तोंडी परीक्षेत हमखास येणारे दोन विषय आहेत. एक म्हणजे उपकरणांच्या तपासण्या: व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणारं उपकरण) वापरणार असाल तर 30 दिवसांत तपासलेला हवा, अल्टिमीटर-स्टॅटिक यंत्रणा आणि ट्रान्सपॉन्डर 24 कॅलेंडर महिन्यांत. दुसरा म्हणजे अल्टर्नेट. पोचण्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगांची उंची 2,000 फूट आणि दृश्यमानता 3 मैल असेल असा अंदाज नसेल, तर पर्यायी विमानतळ लिहावाच लागतो. तो निवडताना तिथे साधारणपणे आयएलएससारखा अप्रोच असेल तर 600 फूट आणि 2 मैल, नसेल तर 800 फूट आणि 2 मैल असा अंदाज हवा. इंधन गंतव्यापर्यंत, तिथून अल्टर्नेटपर्यंत आणि वर 45 मिनिटांचं.

16. एकदा मिळालं की कायमचं ना?

रेटिंग कायमचं, वापरण्याचा हक्क नाही. मागच्या सहा कॅलेंडर महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग आणि ठरलेल्या मार्गाला भेटून त्यावर राहणं, एवढं झालेलं हवं. चुकलं तर पुढचे सहा महिने सेफ्टी पायलटसोबत किंवा मान्यताप्राप्त ट्रेनिंग डिव्हाइसवर भरून काढता येतं, पण तोवर आयएफआर बंद. तेही हुकलं तर इन्स्ट्रक्टर किंवा परीक्षकाकडून प्रावीण्य तपासणी.

खऱ्या ढगातला अप्रोच कधी मोजायचा, हा नेहमीचा वाद आहे. शेवटच्या टप्प्याचा बिंदू ओलांडताना ढगात असाल आणि नंतर बाहेर आलात तर तो मोजता येतो. हूडखाली असाल तर मात्र किमान उंचीपर्यंत हूड ठेवावाच लागतो.

आणि एवढं करूनही मी म्हणेन की सहा महिन्यांत सहा अप्रोच म्हणजे अगदीच कमी. या कौशल्याला गंज फार लवकर चढतो. मी स्वतः तीन आठवडे उडालो नाही तर पहिली फेरी दुसऱ्या इन्स्ट्रक्टरसोबत करतो.

17. रेटिंग मिळालं. पुढच्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून येताहेत, त्यांना ढगातून मॉन्टेरेला नेऊ का?

हा प्रश्न मला जवळजवळ दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतं, आणि मी दर वेळी उलट विचारतो: विमानतळावर ढग 200 फुटांवर असतील तर नेशील का? नाही म्हणतात. मग 500? 1,000? जिथे तुम्ही मनापासून "हो" म्हणाल तो आकडा घरी, जमिनीवर, कागदावर लिहा. नव्या माणसाला मी 1,000 फूट आणि 3 मैल सुचवतो, आणि निघतो तो विमानतळही परत उतरता येईल इतका उघडा हवा. आई मागे बसलेली असताना आकडा बदलायचा नाही.

आपल्या लहान विमानांना बर्फात उडण्याची मान्यता नसते. हिवाळ्यात सिएराकडे ढग म्हणजे बर्फ हेच धरून चाला. वादळी ढगांत रेटिंग काहीच कामाचं नाही. शिवाय तुम्ही एकटे वैमानिक आहात, इंजिनही एकच.

26 जानेवारी 2020 रोजी कॅलाबासस इथे कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर पडलं आणि नऊ जण गेले. वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग होतं, पण ते ज्या कंपनीसाठी उडवत होते तिला फक्त व्हीएफआरचीच मान्यता होती. खालावत्या हवेत ते व्हीएफआरवरच पुढे गेले आणि ढगात दिशाभ्रम झाला. दुपारी ऊन पडल्यावर मॉन्टेरेला जा. आई-बाबांना समुद्रही दिसेल.

18. धावपट्टीच दिसत नसताना उड्डाण करणं कायदेशीर आहे, असं ऐकलं. खरं का? आणि स्पेशल व्हीएफआरवर (खराब हवेत व्हीएफआर उडायची एटीसीची खास परवानगी) भागत नाही का?

पहिलं खरं आहे. पैसे न घेता खाजगी उडणाऱ्यांना टेकऑफसाठी किमान दृश्यमानतेची अट नाही. पण इंजिन 300 फुटांवर थांबलं तर कुठे उतरणार? या प्रश्नाचं उत्तर नसेल तर थांबा. मी ज्या हवेत परत उतरू शकणार नाही, त्या हवेत निघत नाही.

स्पेशल व्हीएफआर दिवसा 1 मैल दृश्यमानता आणि ढगांबाहेर राहणं एवढ्यावर मिळतो, तोही विमानतळाभोवतीच्या नियंत्रित क्षेत्रापुरता. त्या वर्तुळाबाहेर पडल्यावर काय, हे तो सांगत नाही. रात्री तर त्यासाठीही इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं.

19. हे रेटिंग भारतात चालेल का?

जसंच्या तसं नाही. व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीचं विमान उडवायला डीजीसीएचं (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था) लायसन्स लागतं, आणि रूपांतराची प्रक्रिया त्यांच्या परीक्षांसह पूर्ण करावी लागते. तास मात्र तुमचेच राहतात. 50 तास क्रॉस-कंट्री आणि 40 तास इन्स्ट्रुमेंट हे आकडे आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) परिशिष्ट 1 मधले आहेत, म्हणून ते तिकडेही ओळखीचे वाटतील. पुढे भारतात व्यावसायिक व्हायचा विचार असेल तर लॉगबुक पहिल्या दिवसापासून स्वच्छ ठेवा: खरा ढग, हूड आणि सिम्युलेटर वेगवेगळ्या रकान्यांत, प्रत्येक पानावर सही.

20. ढगात असताना रेडिओच बंद पडला तर?

आधी हेडसेटची पिन बघा, मग आवाजाची बटणं, मग मागची फ्रिक्वेन्सी. व्हीओआरचा आवाज चालू करून ऐका, कधी कधी एटीसी तिथून बोलतं. खरंच गेला असेल तर ट्रान्सपॉन्डरवर 7600, म्हणजे रेडिओ बंद असल्याचा आकडा.

उघड्या हवेत असाल किंवा बाहेर आलात तर बाहेर बघत उडा आणि शक्य तितक्या लवकर उतरा. इथेच लोक चुकतात: मॉन्टेरेचं क्लिअरन्स होतं म्हणून लख्ख उन्हातही मॉन्टेरेपर्यंत जात राहतात.

ढगातच असाल तर मार्ग या क्रमाने: शेवटचा मिळालेला, व्हेक्टरवर (एटीसीने दिलेल्या दिशेवर) असाल तर ज्या बिंदूकडे नेत होते तिथे थेट, तो नसेल तर सांगून ठेवलेला अपेक्षित, आणि काहीच नसेल तर फ्लाइट प्लॅनमधला. उंची मात्र तिघांतली सर्वांत जास्त: दिलेली, अपेक्षित, आणि त्या टप्प्याची किमान. हा हिशेब प्रत्येक टप्प्यावर नव्याने करायचा. डोंगर ओलांडून पुढच्या टप्प्याची किमान उंची खाली आली तर तुम्हीही खाली येता, पण दिलेल्या किंवा अपेक्षित उंचीच्या खाली नाही. अप्रोच सुरू करायची वेळ एटीसीने सांगितली असेल तर ती पाळा, नसेल तर फ्लाइट प्लॅनमधल्या पोचण्याच्या वेळेच्या शक्य तितकं जवळ. तुमच्यासाठी एटीसीने आकाश मोकळं ठेवलेलं असतं, आणि तुम्ही नेमकं हेच कराल असं धरून ठेवलेलं असतं. म्हणून निघताना दिलेली प्रत्येक वेळ आणि प्रत्येक अपेक्षित उंची कागदावर लिहा, फक्त पडद्यावर नको. मी गुडघ्यावरच्या पॅडला पेन्सिल दोरीने बांधतो आणि पिशवीत एक हातातला रेडिओ चार्ज करून ठेवतो.